विकतच्या काकड्या

१४ एप्रिल, मंगळवार

लेकीला गाडीत बसवून आलो. गाडी सुटेपर्यंत तिच्या खिडकीतून सूचना चालू होत्या. टोमॅटोला काठ्यांचा आधार दे. ठिबकच्या नळ्या आठवड्यातून एकदा उघडून धू. शनिवारी कोणी उशिरा आलं तर तोंड वाकडं करू नकोस. हे शेवटचं तिने गाडी हलल्यावर ओरडून सांगितलं, त्यामुळे फलाटावरच्या सगळ्यांनी माझं तोंड बघून घेतलं.

रोज थोडं लिहीत जा, असंही तिनेच सांगितलंय. "बोलायला कोणी नसेल तेव्हा लिही, बाबा." मी म्हटलं, मी तीस वर्षं लिफ्टच्या डक्टमध्ये एकट्याने काम केलंय, मला बोलायला कोण लागतं? ती हसली नाही.

शेत आमचं म्हणजे खरं तर तिचंच. शहराबाहेर भाड्याने घेतलेली जमीन, एका टोकाला पत्र्याची शेड, दुसऱ्या टोकाला पंप, कारण या कोरड्या मुलखात पावसाळा नावालाच. हंगामाच्या सुरुवातीला तीसेक घरं वर्गणी भरतात आणि मग जे उगवेल ते दर शनिवारी सगळ्यांत वाटून घ्यायचं. भाव नाही, तागडी नाही. पिकलं तर सगळ्यांचं, बुडालं तरी सगळ्यांचं, असं ती प्रत्येक नव्या घराला समजावून सांगते. दोन वर्षं ती डोकं होती आणि मी हातपाय. यंदा तिला लांब समुद्राकाठच्या एका संस्थेत वर्षभराचं काम मिळालं. "नको जाऊ का?" असं तिने किती वेळा विचारलं. दर वेळी मी म्हटलं, वेडी आहेस का.

ती बारा वर्षांची असताना तिची आई गेली. तेव्हापासून आम्ही दोघंच. आज घरी येऊन सवयीने दोघांचा स्वयंपाक केला. उरलेला उद्या खाईन.

२६ एप्रिल, रविवार

रोपं लावून झाली. टोमॅटोचा एक वाफा इतका सरळ आलाय की कोणाला तरी दाखवावासा वाटला. रस्त्याने एक सायकलवाला गेला. त्याला काय दाखवणार?

५ मे, मंगळवार

सकाळी एक बाई फाटकाशी येऊन उभ्या. वर्गणीदार आहेत, पण नाव आठवेना. नावं सगळी लेकीच्या डोक्यात, मी माणसं धंद्यावरून ओळखतो. या मोठ्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या सिस्टर.

"गवत काढायला हात हवेत का?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "वर्गणीत सूट नाही मिळणार हं, आधीच सांगतो."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि खुरपं मागितलं.

कामाला चांगल्या आहेत. मुळासकट उपटतात, वरवर ओरबाडत नाहीत. बोलतात कमी. मला 'मिस्त्री' म्हणतात. जाताना म्हणाल्या, "मंगळवार बरा पडतो मला." मंगळवारी एवढं काय बरं पडतं कोण जाणे. निवृत्त माणसाला सगळे वार सारखेच.

१६ मे, शनिवार

पहिल्या टोपल्या गेल्या! मुळे, पालक, कोवळे कांदे. पहाटेपासून उपटलं, धुतलं, जुड्या बांधल्या. आठ वाजल्यापासून लोक पिशव्या घेऊन हजर.

प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच: ती कशी आहे? दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, गाण्याच्या बाईंनी विचारलं, जुळ्यांच्या आईने विचारलं. मी "मजेत आहे" इतक्यांदा म्हटलं की शेवटी शेवटी ते मला भलत्याच कोणाबद्दल तरी बोलल्यासारखं वाटायला लागलं. मुळे कसे आहेत ते मात्र मलाच सांगावं लागलं.

जुळ्यांच्या आईची दोन्ही पोरं शेडमध्येच मुळे कचाकचा खाऊ लागली, एकाच्या तर हनुवटीला माती लागलेली. मी म्हटलं, अगं, धुऊन तरी दे. ती म्हणाली, "काका, इथलं मी डोळे मिटून देते. बाहेरची भाजी पोरांना सोसत नाही, अंगावर चट्टे उठतात. तुमच्या दोघांच्या जिवावर चाललंय आमचं."

बरं वाटलं. दिवसभर बरं वाटत होतं. संध्याकाळी लेकीला फोन करून ते सांगायचं होतं, पण ती कुठेतरी बाहेर होती आणि मागे फार आवाज होता.

३० मे, शनिवार

फोन आला. समुद्रावर जाऊन आली म्हणे. "आम्ही सकाळी चालायला जातो," म्हणाली. संस्थेतली मंडळी असतील. एक सहकारी आहे, त्याला स्वयंपाक छान येतो, तो सगळ्यांना जेवायला घालतो. चांगलं आहे. परगावी पोटाची सोय महत्त्वाची.

काकडीला मावा दिसतोय. बारीक हिरवे किडे, पानाखाली चिकटलेले. लेक म्हणाली, पातळ साबणपाण्यात थोडं तेल घालून फवार, पण ऊन पूर्ण गेल्यावरच. "ऊन गेल्यावर, बाबा. ऐकलंस का?"

ऐकलं. मी काय बहिरा आहे?

११ जून, गुरुवार

काय लिहू?

मंगळवारी मावा टोमॅटोवरही चढला. काल दुपारी जाऊन बघितलं तर शेंडे वळायला लागलेले. संध्याकाळपर्यंत धीर धरवेना. तिकडे किडे पानं पिताहेत आणि मी शेडमध्ये बसून सूर्य मावळायची वाट बघायची? भर उन्हात पाठीवर फवारणीचा पंप घेतला. साबणही सढळ हाताने घातला, तेलही. लिफ्टच्या रुळांना वंगण जास्त झालं तर फडक्याने पुसता येतं. इथे तसं नसतं हे मला कळायला हवं होतं.

आज सकाळी काकडीचा सगळा मांडव तपकिरी कागदासारखा झालाय. हात लावला तर पानं चुरचुरतात. टोमॅटोचंही तेच, खालची थोडी पानं सोडली तर. भोपळ्याची फुलं गळून पडली. पलीकडची वांगी आणि घेवडा तेवढा वाचला, कारण पंपातलं पाणी संपलं होतं.

संध्याकाळी लेकीने विचारलं, "मावा गेला का?"

"गेला," मी म्हटलं.

खोटं नव्हतं ते. मावा खरंच गेलाय.

१२ जून, शुक्रवार

बुडालं तरी सगळ्यांचं, हे तिच्या तोंडी शोभतं. गारपीट झाली, टोळ आले, तर म्हणावं. माझ्या हातून बुडालं ते सगळ्यांच्या गळ्यात कसं घालू? उद्या लोक पिशव्या घेऊन येतील. त्यांना काय, चार कांदे देऊ? आणि त्यातलं कोणी ना कोणी तिला कळवणारच. मग ती सगळं सोडून परत येईल. ओळखतो मी तिला.

घाऊक बाजार पहाटे भरतो.

१३ जून, शनिवार

झालं एकदाचं.

बाजारातून काकडी, टोमॅटो, ढोबळी मिरची आणली. माझ्याच पैशांनी, वर्गणीला हात लावला नाही. शेडमध्ये मांडल्यावर लक्षात आलं, ती भाजी फारच चकचकीत होती. जणू लग्नाला निघालेली. शेडमागच्या विटांच्या ढिगाजवळची माती हाताशी होती, ती थोडी ओली करून काकड्यांना चोळली. या वयात काकडीला माती फासत बसलो होतो. कोणी बघितलं असतं तर वेड्यांच्या दवाखान्यात फोन केला असता.

लोक आले, घेऊन गेले. कोणाला काही कळलं नाही.

सिस्टरनी एक काकडी हातात घेऊन अंगठ्याने पुसली. "माती तांबूस झालेली दिसते, मिस्त्री."

"उन्हाने," मी म्हटलं.

"हो," त्या म्हणाल्या, "उन्हाने होतं तसं." आणि पिशवी उचलली.

२० जून, शनिवार

आज गाण्याच्या बाई म्हणाल्या, "काका, सगळ्या काकड्या कशा एका मापाच्या! एकही बेसूर नाही." मी म्हटलं, यंदा हवामान जमून आलंय. त्यांना एकदम जोराचा ठसका लागला. तोंड फिरवून बराच वेळ खोकत होत्या, खांदे हलत होते. मी पाणी आणून दिलं. गाणाऱ्या माणसाने घसा सांभाळायला हवा.

जुळ्यांची आई शेवटी आली. टोमॅटो हातात घेऊन वास घेतला आणि म्हणाली, "वा!" मला तिच्याकडे बघवेना. म्हटलं, पोरांना टोमॅटो फार देऊ नकोस गं एकदम, आंबट असतो. ती म्हणाली, "इथला टोमॅटो? काका, काहीतरीच काय."

फक्त या महिन्यापुरतं. टोमॅटोला खालून नवी फूट येतेय. ती धरली की बाजार बंद.

२६ जून, शुक्रवार

आज मोठ्या संकटातून वाचलो. बाजारात टोमॅटोचे क्रेट हातगाडीवर चढवत होतो आणि समोर दातांचे डॉक्टर! त्यांची नजर माझ्यावर पडतेय असंच वाटलं. पण नशीब जोरावर होतं. त्याच क्षणी ते कांद्याच्या पोत्यांमागे खाली वाकले, काहीतरी पडलं असावं त्यांचं. मी गाडी घेऊन निघून जाईपर्यंत बिचारे वाकूनच शोधत होते. पाठीचा त्रास आहे त्यांना, एवढा वेळ वाकायला नको.

२७ जून, शनिवार

डॉक्टर टोपली न्यायला आले. नेहमीपेक्षा जास्त प्रेमाने बोलले. "तब्येत सांभाळा, फार पहाटे उठू नका," म्हणाले. मी पहाटे उठतो हे यांना कसं माहीत? चेहऱ्यावर दिसत असेल.

लेकीचा या आठवड्यात फोन नाही. मेसेज आला: 'सगळं ठीक ना बाबा? काही सांगायचं असेल तर सांग हं.' मी लिहिलं, 'सगळं झकास.' वाचल्याची खूण आली. उत्तर आलं नाही.

१४ जुलै, मंगळवार

उन्हाने जीव नकोसा केलाय. कोणी नसतं दिवसभर. पंपाचा आवाज बंद झाला की कानात घुमल्यासारखं होतं. डक्टमध्ये असायचो तेव्हा निदान भिंतीपलीकडून माणसांचे आवाज यायचे. भांडणं, रेडिओ, कोणाची तरी हाक. माणसं मला दिसायची नाहीत, पण असायची.

सिस्टर आल्या होत्या. दर मंगळवारी येतात, एकही चुकवला नाही. जळलेल्या काकडीच्या मांडवाशी त्या कधी जात नाहीत, घेवड्याच्या बाजूलाच बसतात. त्यामुळे मला खुलासा करावा लागला नाही. आज निंदता निंदता थांबून म्हणाल्या, "मिस्त्री, काही बोलायचंय का तुम्हाला?"

"नाही," मी म्हटलं. "कशाबद्दल?"

"असंच. मग मी बोलू?" म्हणाल्या. "मी घरी आतल्या खोलीत रेडिओ लावून ठेवते आणि बाहेरच्या खोलीत बसते. म्हणजे आत कोणीतरी आहे असं वाटतं."

मी म्हटलं, "वीज जाते की फुकट."

"हो," त्या म्हणाल्या. "जाते."

मग आम्ही ओळ संपेपर्यंत निंदत राहिलो. नंतर मला वाटलं, त्यांना रेडिओ दुरुस्त करून हवा असेल. पुढच्या वेळी विचारीन.

२१ जुलै, मंगळवार

विचारलं. रेडिओ चांगला चालतोय म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच मोठ्याने हसल्या. हसण्यासारखं काय होतं?

२ ऑगस्ट, रविवार

काल बाजारातलं काही नव्हतं! घेवडा, वांगी आणि नव्या फुटीचे टोमॅटो, वाकडेतिकडे, एखाद्याला नाक फुटल्यासारखे, पण आपले. वांगी तर अशी जड आली की एकेक हातात तोलून बघत होतो. मला वाटलं लोक कुरकुर करतील. कोणी चकार शब्द काढला नाही. उलट सगळे एवढे खुशीत होते की काय सांगू. दातांचे डॉक्टर त्या नाकवाल्या टोमॅटोकडे बघून म्हणाले, "आला एकदाचा!" मी विचारलं, कोण? ते म्हणाले, "हंगाम हो, हंगाम."

लेकीचा फोन. "आम्ही एकवीसला येतोय."

"आम्ही कोण?"

"मी आणि तो. तीन दिवस."

तो म्हणजे तो स्वयंपाक करणारा असणार. त्याला शेत बघायचं असेल. गादी एकच आहे जादा, त्याला ती देईन. तीनच दिवस का, ते विचारायचं राहिलं.

२१ ऑगस्ट, शुक्रवार

आली. वाळली नाही, उलट भरलीय. रंग तांबूस झालाय समुद्रावरच्या उन्हाने. तो उंच आहे, अबोल आहे, आल्या आल्या बूट काढून चुलीशी गेला आणि कांदे कुठे आहेत म्हणून विचारलं. त्याने माझ्या हातातली सुरी इतक्या सहज घेतली की मला आपल्याच घरात कुठे उभं राहावं ते कळेना.

जेवण झाल्यावर लेक आणि मी शेतावर गेलो. अजून उजेड होता. ती सरळ काकडीच्या मांडवाशी गेली. मी तो उपटून टाकला नव्हता. का नाही, कोण जाणे. वाळलेल्या वेलीला हात लावून म्हणाली, "भर उन्हात फवारलंस ना?"

मी म्हटलं, "तुला कोणी सांगितलं?"

"सिस्टरनी. जूनमध्ये. पहिल्याच शनिवारी."

मी शेडच्या पायरीवर बसलो.

"बाजारातून आणतोस हेही मला माहीत होतं, बाबा. डॉक्टरांनी तुला तिथे बघितलं. तू दिसलास तर तुला लाज वाटेल म्हणून ते कांद्यांमागे लपले. त्यांची पाठ आठवडाभर धरली होती. ज्यांना ज्यांना कळलं त्यांना मीच म्हटलं, काही बोलू नका, तो आपण होऊन सांगेल. मी किती वेळा विचारलं तुला!"

"म्हणजे उन्हाळाभर मी सगळ्यांची करमणूक करत होतो," मी म्हटलं.

"तसं नाही रे बाबा."

"मग कसं? मी काकड्यांना माती फासत होतो आणि तुम्ही सगळे तोंडाला रुमाल लावून बसला होता. मला काय लहान पोर समजता?"

माझा आवाज चढला. मग ती माझ्या शेजारी पायरीवर बसली आणि बारीक आवाजात म्हणाली, "मलापण एक सांगायचं होतं. मीही घाबरले, तुझ्यासारखीच. वर्ष संपल्यावर मी परत येणार नाहीये. आम्ही तिकडेच राहणार आहोत."

घेवड्याच्या वेलींवर एक पक्षी येऊन बसला होता, तो उडाला.

"चांगला आहे तो?" मी विचारलं.

"हो."

"कांदा बारीक चिरतो," मी म्हटलं.

ती हसली आणि मग रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तो किती वेळ ठेवायचा असतो तेही मी विसरलोय.

२२ ऑगस्ट, शनिवार

सकाळी लेक म्हणाली, तू काही बोलू नकोस, मी सांगते. मी म्हटलं, फवारणी मी केली, सांगणारही मीच.

सगळे जमल्यावर क्रेटवर उभा राहिलो. म्हटलं, "जूनपासून जुलैअखेरपर्यंत मी तुम्हाला बाजारातली भाजी दिली. आपली माझ्या हातून जळली. चुकलं माझं." एवढंच. पुढचं आठवलंच नाही.

गाण्याच्या बाई म्हणाल्या, "काका, अहो सोडा आता." डॉक्टर म्हणाले, "झालं गेलं. हंगाम आला ना शेवटी!" कोणीतरी टाळ्याही वाजवल्या. मला त्या अंगाला टोचल्या.

मग मागून आवाज आला, "बाजारातली?"

जुळ्यांची आई. तिच्या चेहऱ्याचा रंग उतरला होता.

"बाजारातली भाजी? सात आठवडे?" तिने आजूबाजूला बघितलं. "आणि हे तुम्हा सगळ्यांना माहीत होतं?"

डॉक्टर हातातलं वांगं उलटसुलट करून बघू लागले.

"जुलैमध्ये धाकट्याच्या अंगावर चट्टे उठले. मी डॉक्टर बदलला, साबण बदलला, दूध बंद केलं. भाजीवर मला संशयच आला नाही. इथली होती ना ती."

मी म्हटलं, "बाई, मी..."

"तुम्ही काही द्यायला नको होतं काका. रिकामी टोपली दिली असतीत तरी मी नेली असती." एवढं बोलून पोरांचे हात धरून ती निघून गेली. पिशवी तशीच टेबलावर राहिली. पोरं मागे वळून वळून बघत होती.

बाकीचे माझी समजूत घालत राहिले. मला त्यातलं एक अक्षर आठवत नाही. सगळ्यांनी मला सांभाळून घेतलं. तिने एकटीने माझं सगळं खरं मानलं होतं, आणि तिचंच पोर खाजवून खाजवून रडलं असेल.

दुपारी तिच्या घरी जाऊन आलो. दार तिच्या नवऱ्याने उघडलं. ती बाहेर आली नाही. धाकट्याचं आता बरं आहे म्हणाला. मी पिशवी दिली आणि परत आलो.

२४ ऑगस्ट, सोमवार

त्यांना गाडीत बसवलं. या वेळी लेकीने एकही सूचना दिली नाही. खिडकीतून नुसती बघत होती. गाडी हलल्यावर मीच ओरडलो, "पोचल्यावर कळव!" तिला ऐकू गेलं की नाही, माहीत नाही. त्याने हात हलवला.

थंडीच्या हंगामाचं काय करायचं, हे काल रात्री जेवताना निघालं होतं. ती म्हणाली, "बाबा, बंद कर हवं तर. तुझ्यावर सक्ती नाही." मी म्हटलं, बघतो. निम्म्याहून थोडी जास्त घरं राहतील असं दिसतं. गाजर आणि पालक आधीच पेरलेत, वर कोबी, एवढं जमेल मला. जे लावीन तेच देईन, नाही आलं तर नाही आलं म्हणून सांगीन.

फलाटावरून बाहेर येताना वाटलं, घरी न जाता थेट शेतावर जावं. गेलो. काकडीचा मांडव उपटून टाकला. दोरे, काठ्या, वाळका पाला, सगळं. दुपार त्यातच गेली.

१ सप्टेंबर, मंगळवार

सिस्टर येतील की नाही अशी शंका होती. आल्या.

मी फाटकातच गाठलं. म्हटलं, "तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माझ्या तोंडावर का नाही बोललात? माझ्या लेकीला सांगितलंत, मला नाही."

"विचारलं होतं मी," त्या म्हणाल्या. "तुम्ही नाही म्हणालात."

हे खरंच होतं, म्हणून मला जास्तच राग आला. "आणि तरी दर शनिवारी टोपली नेत होतात. बाजारातली काकडी तुम्हाला कोपऱ्यावर मिळाली नसती?"

सिस्टर पदराने कपाळ पुसत म्हणाल्या, "टोपली मी खालच्या मजल्यावरच्यांना देते, मिस्त्री. सुरुवातीपासून. मला एकटीला एवढी भाजी लागते का?"

मी चाटच पडलो. "मग वर्गणी कशासाठी भरता?"

त्यांनी खुरपं उचललं, त्याची धार बघितली. "मंगळवारसाठी," म्हणाल्या, आणि गाजराच्या वाफ्याकडे चालू लागल्या.

मंगळवारी तर टोपली नसतेच. दिवसभर डोक्यात तेच घोळतंय.

निंदून झाल्यावर शेडच्या सावलीत बसलो. मी म्हटलं, लेक परत येणार नाही. त्या म्हणाल्या, माहीत आहे. मी म्हटलं, सगळं कसं माहीत असतं तुम्हाला? त्या म्हणाल्या, "ती जाताना मला भेटून गेली. एप्रिलमध्येही भेटली होती."

एप्रिलमध्ये कशाला, हे मी विचारलं नाही. मे महिन्यात त्या फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या ते आठवलं, आणि मी सूट मिळणार नाही म्हटलं होतं ते. म्हटलं, "तिने पाठवलं होतं तुम्हाला? माझ्यावर लक्ष ठेवायला?"

"पहिल्यांदा," सिस्टर म्हणाल्या. "फक्त पहिल्यांदा."

७ सप्टेंबर, सोमवार

ऊन उतरलंय. सकाळी अंगावर जाडसर सदरा लागतो. शनिवारी टोपल्या लहान होत्या. पालकाला भोकं पडली होती, सगळ्या पानांना. तशीच दिली. डॉक्टरांनी जुडी उजेडात धरली आणि म्हणाले, "भोकं आहेत." मी म्हटलं, "आहेत." त्यांनी पिशवीत टाकली. जुळ्यांची आई आली नाही. येणारही नाही. तिचा वाटा रिकामा ठेवला होता, दुपारी तो मी घरी आणला.

लेकीचा फोन आला होता. तिला पालकाच्या भोकांचं सांगितलं. ती म्हणाली राख टाक, मी म्हटलं बरं. नंतर दोघंही थोडा वेळ गप्प होतो, पण फोन कोणी ठेवला नाही.

आज गाजरं विरळ करायला घेतली. दाट उगवलीत, मधली मधली उपटून टाकायची म्हणजे बाकीच्यांना पोसायला जागा होते. बसून करायचं काम, बोटांचं. एकट्या माणसाचं. दुपारपर्यंत सगळा वाफा उरकला असता.

अर्धाच केला. बाकीचा उद्यावर ठेवला.